कॅन्ससमधली हातानं खणलेली विहीर, आणि रस्त्याकडेच्या अशा अवाढव्य गोष्टी : वळून बघायला जाता का?

आडवाट

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात विचिटाहून ५४ नंबरच्या हायवेनं पश्चिमेला निघालं की साधारण ११० मैलांवर ग्रीन्सबर्ग लागतं. २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती ७४०. गावाच्या अलीकडे पाटी येते : जगातली सर्वांत मोठी हातानं खणलेली विहीर. कामानिमित्त त्या पाटीवरून मी पाच-सहा वेळा तरी गेलो असेन. एकदाही थांबलो नाही. पुढं डॉज सिटी गाठायची असायची, शिवाय विहिरीत काय बघायचं, असं वाटायचं.

या सप्टेंबरात माझे वडील, अण्णा, इथं आले होते. त्यांना पाटी वाचून दाखवली. ते म्हणाले, "विहीर ना? मग थांबव की."

अण्णा बाहत्तरच्या दुष्काळात सतरा वर्षांचे होते. शाळा सुटली होती आणि गावच्या विहिरीच्या कामावर ते जात होते. हे मी लहानपणापासून एका वाक्यात ऐकत आलोय, त्याच्या पलीकडे कधी काही विचारलं नाही.

विहिरीवर आता गोल इमारत आहे, आत संग्रहालय. मधोमध विहिरीचं तोंड, त्याच्याभोवती फिरत जाणारा जिना. विहीर १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद. १८८७ साली काम सुरू झालं, १८८८ मध्ये पुरं झालं. गावाला आणि रेल्वेच्या इंजिनांना पाणी हवं होतं. बारा-पंधरा जणांच्या टोळ्या, त्यात शेतकरी आणि गुराखी, मजुरी दिवसाला ५० सेंट ते १ डॉलर. अवजारं म्हणजे टिकाव, फावडं, दोर, कप्पी आणि अर्ध्यावर कापलेलं पिंप. बांधकामाचा दगड मेडिसिन नदीकाठून, सुमारे १२ मैलांवरून, घोड्यांच्या गाड्यांतून आणला. निघालेली माती त्याच गाड्यांनी नेऊन गावच्या रस्त्यांतले खळगे भरले.

हे सगळं मी फलकावरून अण्णांना मराठीत सांगत होतो. त्यांचं पहिलं काम हिशेब. बत्तीसचा निम्मा सोळा, सोळा सोळं दोनशे छप्पन्न, असं पुटपुटत त्यांनी सांगितलं, "पावणेनऊशे ब्रास माती निघाली ही. एक ब्रासची ट्रॉली धर. पावणेनऊशे खेपा." एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मी मोबाइलवर करून पाहिलं तर ८७६ आलं.

मग विचारलं, "ही मुरमाची जमीन नाही. पोकळ माती दिसते. कडा कशी तोलून धरली?" मी पुन्हा शोधलं. खणताना दर १२ फुटांवर जाड फळ्यांचे आडवे धीरे दिले होते आणि दगडी बांधकाम जमलं की ते कापून काढले. अण्णांनी मान हलवली. आमच्याकडं खालून कातळ लागला, त्यामुळं धीऱ्यांची गरज पडली नाही, सुरुंगाची पडली, म्हणाले.

आम्ही जिन्यानं काही पायऱ्या विहिरीत उतरलो. सोबतची माणसं खाली बघत होती, मग वर बघत होती, फोटो काढत होती. अण्णांनी एकदाही वर पाहिलं नाही. मी म्हटलं, वर बघा, छान दिसतंय. तर म्हणाले, "विहिरीत उतरलेला माणूस वर बघत नाही. घमेलं वर जाताना हिंदकळलं की खडा येतो, तो डोळ्यात बसतो." मग थांबून : "चाळीस फुटांवर गेलो की आभाळ परातीएवढं दिसायचं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की अर्धा तास काय तो उजेड."

एकावन्न वर्षांनी ती सवय त्यांच्या मानेत शिल्लक होती. आम्ही तिथं पावणेदोन तास होतो. वर आल्यावर बाकावर बसून त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. टोळीत कोण होतं, सुकडी कुठं वाटायचे, पाणी लागलं त्या दिवशी कुणी सर्वांत आधी चूळ भरली.

म्हणून हा धागा. अमेरिकेत, कॅनडात गाडीनं फिरताना लहान गावांच्या कडेला 'जगातली सर्वांत मोठी' अमुक-तमुक असतेच. आपण बहुतेक जण हसून पुढं जातो. तुम्ही कुठं थांबलात? जाऊन काय मिळालं? फोटोपुरतं ठिकाण होतं की त्यापुढंही काही? सविस्तर लिहा.

निळाई

लेख फार आवडला. अण्णांना नमस्कार सांगा. खाली पाणी आहे का अजून? आणि तिकीट वगैरे?

आडवाट

सांगतो नक्की. पाणी आहे, तळाशी थोडं. तिकीट आहे, फार नाही. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळं निघायच्या आधी फोन करून विचारा. शंभर मैल जाऊन दार बंद दिसलं तर वाईट वाटेल.

काटेकोर

अण्णांच्या आठवणींबद्दल आदर आहेच, पण पाटीवरच्या दाव्याबद्दल लिहायलाच हवं.

'सर्वांत मोठी हातानं खणलेली' हे टिकत नाही. इटलीत ऑर्विएतो गावात सेंट पॅट्रिकची विहीर आहे. १५२७ ते १५३७ या काळात बांधली. ५३ मीटर खोल, १३ मीटर रुंद, म्हणजे जवळपास १७४ फूट आणि ४३ फूट. दोन्ही मापांत ग्रीन्सबर्गच्या पुढं. आत दोन वेगळे गोल जिने आहेत, उतरणारी आणि चढणारी खेचरं एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून. नुसती खोली धरली तर इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ वुडिंगडीनची विहीर १,२८५ फूट. १८५८ ते १८६२ अशी चार वर्षं ती खणत होते आणि रुंदी फक्त चारेक फूट.

लांब कशाला, आपल्या साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर घ्या. ११० फूट खोल, ५० फूट रुंद, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, आत छोटासा महालही. ती काय यंत्रानं खणली?

माझा मुद्दा इतकाच की लोकांना थांबवायला चुकीचं सांगायची गरज नसते. 'कॅन्ससमधली १८८८ सालची हातानं खणलेली विहीर' एवढं लिहिलं तरी मी थांबलो असतो.

आडवाट

काटेकोर, मान्य. लिंबची विहीर अण्णांनी पाहिली आहे आणि हीच तुलना त्यांनीही केली. ती जास्त देखणी, म्हणाले. माझ्या धाग्याच्या नावातून 'सर्वांत मोठी' हे शब्द मी आधीच वगळले होते, कारण मला स्वतःलाच खात्री नव्हती. ऑर्विएतोची मापं माहीत नव्हती, धन्यवाद.

एक मात्र सांगतो. १८८७ साली खणणाऱ्यांच्या डोक्यात विक्रम नव्हता. गावाला पाणी हवं होतं. १९३२ पर्यंत गाव त्या विहिरीचं पाणी पीत होतं. पाटी नंतरच्यांनी लावली. पाटी चुकली म्हणून विहीर चुकीची ठरत नाही.

प्रेयरीवारा

मी २००७ साली विचिटात शिकत होते. ग्रीन्सबर्गबद्दल लिहायला हात थोडा जड होतो, तरी लिहिते.

४ मे २००७. रात्री पावणेदहाच्या सुमारास चक्रीवादळ, म्हणजे टोर्नेडो, गावावरून गेला. रुंदी पावणेदोन मैलांच्या आसपास, गावापेक्षा मोठी. टोर्नेडो मोजायची सुधारित फुजिता श्रेणी त्याच वर्षी फेब्रुवारीत वापरात आली होती आणि तिच्यातली सर्वांत वरची पाचवी पायरी पहिल्यांदा मिळाली ती याला. गावाचा ९५ टक्के भाग गेला. इशारा वेळेत मिळाला होता आणि घरांना तळघरं होती, म्हणून बरीच माणसं वाचली. सगळी नाही.

आम्ही विद्यार्थी काही आठवड्यांनी ढिगारे उपसायला गेलो. रस्ते होते, घरं नव्हती. जागोजागी सिमेंटचा चौथरा आणि त्यातून खाली उतरणाऱ्या तळघराच्या पायऱ्या. वर काहीच नाही. झाडं उभी होती पण साली सोललेल्या, पांढरी पडलेली. धान्याचं कोठार तेवढं उंच उभं होतं, लांबून गाव ओळखायची ती एकच खूण उरली होती. मला एका आजींच्या जागेवर काम दिलं होतं. त्यांना फक्त एक पितळी घंटा हवी होती, दारावरची. दोन दिवस शोधली. सापडली नाही. त्यांनी आम्हाला सरबत दिलं आणि म्हणाल्या, विहीर बघून जा, ती आहे अजून.

विहिरीवरची जुनी इमारत गेली होती, विहीर शाबूत. तिथं ठेवलेली साधारण १,००० पौंडांची उल्का (जवळच्या ब्रेनहॅमच्या शिवारात १९४९ मध्ये सापडलेली, लोह आणि हिरवट स्फटिकांची) ढिगाऱ्याखालून परत मिळाली. आताचं संग्रहालय २०१२ मध्ये उघडलं. आडवाट, ती उल्का पाहिलीत का? दगडाच्या आत मधासारखे खडे दिसतात.

वादळापूर्वीच्या जनगणनेत गावात १,५७४ माणसं होती. २०१० ला ७७७. निम्मी परत आलीच नाहीत. जी राहिली त्यांनी ठरवलं की गावाच्या ४,००० चौरस फुटांवरच्या सगळ्या सरकारी इमारती ऊर्जाबचतीच्या सर्वांत कडक, म्हणजे लीड प्लॅटिनम, दर्जाच्या बांधायच्या. असं ठरवणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. गावाबाहेर दहा पवनचक्क्या आहेत, एकूण १२.५ मेगावॉटच्या. ज्या वाऱ्यानं गाव नेलं त्याच्यावरच गावाचे दिवे लागतात, हे मला दर वेळी तिथून जाताना आठवतं.

आणि नावातलं 'ग्रीन' या हिरवाईमुळं आलेलं नाही. घोड्यांच्या टपालगाड्या चालवणारे डी. आर. ग्रीन, त्यांना 'कॅननबॉल' म्हणत, त्यांच्यावरून ते पडलंय.

निळाई

प्रेयरीवारा, घंटेचं वाचून गलबललं. लिहिलंत हे बरं केलंत.

आडवाट

उल्का पाहिली, पण घाईत. संग्रहालयात वादळाचा भाग आहे, तिथं अण्णा फार वेळ उभे राहिले नाहीत. किल्लारीच्या भूकंपानंतर ते मदतीला गेले होते, कदाचित त्यामुळं. मीही आग्रह केला नाही.

गाठोडं

आता माझं आवडतं ठिकाण. हेही कॅन्ससमधलंच, उत्तरेकडं २४ नंबरच्या हायवेवर : कॉकर सिटी. लोकवस्ती साडेचारशेच्या आसपास. रस्त्याला लागून एक उघडा मांडव आणि त्याखाली सुतळीचा गुंडा. माणसापेक्षा खूप उंच. वजन २०,००० पौंडांच्या वर.

सुरुवात १९५३ ची. फ्रँक स्टोबर नावाचा शेतकरी. गवताचे गठ्ठे बांधायला घायपाताची सुतळी लागते. गठ्ठा सोडला की तुकडे शिल्लक राहतात, जनावरांच्या पोटात जायला नकोत म्हणून उचलावे लागतात. यानं ते फेकले नाहीत, गुंडाळत गेला. १९६१ मध्ये गुंडा गावाला देऊन टाकला. १९७४ मध्ये स्टोबर वारले तेव्हा ११ फूट व्यास आणि १६ लाख फूट सुतळी झाली होती.

गंमत पुढं आहे. गावानं गुंडाळणं थांबवलं नाही. दर ऑगस्टमध्ये सगळे जमून सुतळी चढवतात. एरवीही कुणी पाहुणा आला आणि आधी कळवलं तर गावातलं कुणीतरी रीळ घेऊन येतं, आणि तुम्हाला तुमचा तुकडा गुंडाळता येतो. किती फूट चढली त्याची नोंद ठेवतात. रस्त्याच्या पदपथावर सुतळीची रंगवलेली रेघ आहे, दुकानांच्या काचांमागं जगप्रसिद्ध चित्रांच्या नकला लावल्यात आणि प्रत्येकीत कुठंतरी सुतळीचा गुंडा घातलाय.

मी आणि माझी बायको २०१९ मध्ये गेलो. वास लक्षात राहिलाय. उन्हात तापलेल्या घायपाताचा, कडब्याच्या गंजीजवळ येतो तसला थोडा, थोडा जुन्या पोत्याचा. खालच्या बाजूला गुंडा स्वतःच्या भारानं बसलाय, त्यामुळं तो चेंडूसारखा गोल राहिलेला नाही, कांद्यासारखा पसरलाय. हात लावून बघता येतो. माझ्या मते सगळं त्यातच आहे.

कारण दुसरा गुंडा मिनेसोटात डार्विन नावाच्या गावी आहे आणि दोन्ही गावांची जुनी चुरस आहे. तो फ्रान्सिस जॉन्सन या एका माणसानं १९५० पासून २९ वर्षं एकट्यानं गुंडाळला. १७,४०० पौंड, १२ फूट व्यास. सारखा बसावा म्हणून तो रेल्वेचे जॅक लावून उचलायचा आणि फिरवायचा. एका माणसानं केलेला सर्वांत मोठा तोच. पण तो काचेसारख्या पारदर्शक भिंतींमागं आहे. बघायचा, लांबून. दोन्ही पाहिलेत मी. जॉन्सनच्या चिकाटीला सलाम, तरी मन कॉकर सिटीत राहिलं.

काटेकोर

गाठोडं, हे आवडलं. इथं निदान दोन्ही दावे स्वच्छ आहेत : एकाचा एकट्यानं केलेला, दुसऱ्याचा गावानं केलेला. घायपात म्हटल्यावर तर डोळ्यांसमोर बांध उभा राहिला.

उंबरठा

आम्ही इलिनॉयमध्ये राहतो, मुलं सात आणि दहा वर्षांची. आमचा अनुभव केसी गावचा, ७० नंबरच्या इंटरस्टेटवर. तिथं एक नाही, डझनभर अवाढव्य वस्तू आहेत. सुरुवात २०११ मध्ये वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्यांच्या झुंबरापासून झाली. मग झुलती खुर्ची, पत्रपेटी, आणखी बरंच. गावातल्याच एका उद्योजकानं लोकांनी गावात वळावं म्हणून हे सुरू केलं.

पत्रपेटीत जिन्यानं आत चढता येतं. धाकटीनं आजीला पत्र लिहिलं होतं, ते तिथून टाकलं. झुंबराला दोर आहे, तो ओढला की नळ्या वाजतात. एवढा खोल आवाज येईल असं वाटलं नव्हतं, छातीत जाणवतो.

पण खरं सांगते, चौथ्या-पाचव्या वस्तूनंतर मुलं कंटाळली आणि मीही. आडवाटांच्या विहिरीसारखं किंवा सुतळीच्या गुंड्यासारखं मागं काही नव्हतं. विक्रमासाठी बनवलेलं आणि बनता बनता विक्रम झालेलं, यात फरक पडतोच ना?

हंसपंख

उंबरठा, फरक पडतो, पण मी केसीची बाजू घेणार. मी ऑन्टारिओत असतो. सुपीरियर सरोवराच्या वरच्या अंगानं ट्रान्स-कॅनडा हायवे जातो, त्यावर वावा नावाचं गाव आहे. १९६० मध्ये हायवे पुरा झाला तेव्हा तो गावाच्या मध्यातून न जाता बाजूनं गेला. गाड्या सरळ निघून जाणार, दुकानं बसणार, हे दिसत होतं. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या पुढाकारानं फाट्यावर २८ फुटी हंस उभा केला. पहिला प्लॅस्टरचा होता, तिथल्या हवेत टिकला नाही. १९६३ मध्ये पोलादाचा केला. तोही गंजला, तेव्हा २०१७ मध्ये तिसरा.

म्हणजे तोही 'मुद्दाम'च. पण साठ वर्षांत तीनदा एखादी गोष्ट उभी करणारं गाव ती फक्त धंद्यासाठी करतं असं मला वाटत नाही. मी नोव्हेंबरात गेलो होतो. बर्फ भुरभुरत होतं, फाट्यावर मी एकटा. आठ तास गाडी चालवून झाली होती, दोन्ही बाजूंना नुसतं जंगल. वळणावर तो हंस दिसला, मान लांब, पंख थोडे उघडलेले, आणि वाटलं की पुढं माणसं आहेत. रात्री त्याच गावात राहिलो. हंस नसता तर पुढं दामटली असती, आणि त्या थकव्यात ते धोक्याचं होतं.

एकूणच, इंटरस्टेटचा कायदा १९५६ मध्ये आला आणि रुंद रस्ते गावांना टाळून गेले. त्याआधी १९२६ पासूनच्या नंबरी हायवेंवर प्रत्येक गावातून जावंच लागे, आता नाही. ज्यांना टाळलं गेलं त्यांनी काहीतरी उंच करून हात हलवला. केसीनंही तेच केलंय, फक्त पन्नास वर्षं उशिरा.

उंबरठा

हंसपंख, असा विचार केला नव्हता. केसीत आम्ही जेवलो त्या जागी वाढणारी मुलगी सांगत होती की तिच्या लहानपणी मुख्य रस्त्यावरची बरीच दुकानं बंद होती. ते मी विसरले होते.

भिंगरी

ओक्लाहोमातला कटूसाचा निळा देवमासा कुणीच कसा लिहिला नाही? रूट ६६ वर, टल्साजवळ. ह्यू डेव्हिस यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बायकोसाठी बांधला, कारण त्या देवमाशांच्या छोट्या मूर्ती जमवत. ८० फूट लांब, तळ्यात अर्धा उतरलेला, जबडा उघडा, शेपटीवरून पाण्यात उडी मारायची सोय. घरच्यांसाठी केलेला, पण लोक पोहायला यायला लागले म्हणून तळं सगळ्यांना खुलं केलं. १९८८ मध्ये ते बंद झालं, रंग उडाला, मग गावकऱ्यांनी मिळून पुन्हा रंगवला. आता पोहता येत नाही, आत शिरता येतं. मी जबड्यात बसून डबा खाल्ला, समोर तळ्यात कासवं.

निळाई

ठरलं. या मे महिन्यात सासू-सासरे येतायत. विचिटा, ग्रीन्सबर्ग, कॉकर सिटी असं करावं म्हणते. दोन दिवस पुरतील?

प्रेयरीवारा

पुरतील, पण मे नको. एप्रिल ते जून टोर्नेडोचा हंगाम. घाबरवत नाही, आम्ही इथं राहतोच, मात्र वडीलधारी माणसं, अनोळखी रस्ता आणि आडवं मैदान असताना ढग काळे-हिरवे व्हायला लागले तर कुठं आसरा घ्यायचा हे पटकन सुचत नाही. सप्टेंबर किंवा ऑक्टोबर धरा. मिलो कापणीला आलेला असतो, शेतं विटकरी तांबडी दिसतात. मिलो म्हणजे आपली ज्वारीच, बुटकी. सासऱ्यांना दाखवा, त्यांना गाडीतून उतरावंसं वाटेल.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या. काही पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा. कॉकर सिटीहून परतताना लुकस गावही घ्या. तिथं डिन्स्मूर नावाच्या म्हाताऱ्यानं १९०७ पासून सिमेंटची झाडं, माणसं, साप बनवून घराभोवती उभी केलेली बाग आहे. आणि त्याच गावात एका कलावंत बाईंनी 'जगातल्या सर्वांत मोठ्या वस्तूंच्या सर्वांत लहान प्रतिकृती' जमवल्यात. सुतळीचा चिमुकला गुंडाही आहे त्यात.

निळाई

ज्वारीचं माहीतच नव्हतं! मग सप्टेंबरच. तिकिटं अजून काढली नाहीत, बरं झालं.

काटेकोर

आडवाट, एक विचारायचं राहिलं. अण्णांच्या गावची ती विहीर अजून आहे? पाणी आहे?

आडवाट

आहे. वापरात नाही. बोअर झाले, पाणी खाली गेलं, कठड्यातून पिंपळ आलाय. ग्रीन्सबर्गलाही हे बोलणं निघालं होतं. पश्चिम कॅन्ससमध्ये ओगलाला नावाचा भूजलाचा प्रचंड साठा आहे, त्यावर सगळी शेती चालते, आणि उपसा भरण्यापेक्षा जास्त असल्यानं बऱ्याच ठिकाणी पातळी घसरत चाललीय. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती फुटांवर गेलंय?" मला आकडा सांगता आला नाही. तो त्यांना हवाय, मी शोधतोय.

आडवाट

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितोय. अण्णा परत गेले. मी काल कॉकर सिटीला जाऊन आलो, गाठोडं यांच्यामुळं. आधी फोन केला होता. एक वयस्कर बाई मोटारीतून रीळ घेऊन आल्या, कुठून आलात विचारलं, सुतळी हातात दिली.

निघताना अण्णांना फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "माझ्या नावची चार हात गुंडाळ." चार हात म्हणजे सहा फूट. बाईंना तसं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, कुणाचा हात? मी म्हटलं, वडिलांचा. त्यांनी सहा फूट मोजून कापली, वहीत लिहिलं. मी आधीच्या कुणाच्या तरी टोकाला माझं टोक बांधलं आणि गुंड्याभोवती चालत सुतळी बसवत गेलो. सहा फूट म्हणजे एक वेढाही होत नाही, बाजूच्या दोऱ्यांखाली खोचावी लागते. बोटांना कूस लागतं.

व्हिडिओ अण्णांना पाठवला. मी अजून गाडीतच बसलो होतो, त्यांचा फोन आला. "ती काय गाठ झाली? सुटेल ती. परत जा, निरगाठ मार."

बाई मांडवाखालीच होत्या. मी परत गेलो.